चार्जरच्या पिनेतला एकाधिकार



फर्दापूरला अजिंठ्याच्या लेण्यांसाठी देशोदेशीचे पाहुणे उतरतात. टी-पॉइंटला गाडी लावायची, तिथून बसने लेण्यांपर्यंत जायचे आणि संध्याकाळी गावातल्या लॉजवर पाठ टेकायची. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की मी काही वर्षे अशाच एका लॉजवर रात्रपाळी करत होतो. काउंटरच्या खणात मालकाने एक पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात सात-आठ प्रकारच्या पिना. जपानी पाहुण्याच्या वायरीला दोन चपट्या पट्ट्या असत, इंग्रज माणसाच्या वायरीला तीन चौकोनी ठोकळे, जर्मनीच्या वा फ्रान्सच्या पाहुण्याला दोन गोल खिळे. जर्मन पाहुण्याचे खिळे आमच्या भिंतीत कसेबसे शिरायचे, बाकीच्यांना डबा उघडून द्यावा लागे. मालक म्हणायचा, "एवढी युद्धं झाली, तह झाले, पण पिनेचा तह काही झाला नाही."

हा आपला प्रश्न आहे असे मला तेव्हा कधी वाटले नाही. तो लेणी बघायला विमानाने येणाऱ्यांचा प्रश्न होता. कोरडवाहू शेतकऱ्याला पिनेशी काय घेणे? पाऊस पडला तर पीक, नाही पडला तर कर्ज.

मग एका श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली. आधी आठवडाभर झड होती, कपाशीवर मावा आणि तुडतुडे मनसोक्त वाढले होते. पाने कोकडून वाटीसारखी झाली होती. औषध आणलेले, पाणी भरलेले, मजूर सांगितलेला. सकाळी बॅटरीचा फवारणी पंप पाठीला लावला, बटण दाबले, आणि पंप दोन टाक्या मारून गप्प झाला. रात्रभर चार्जिंगला लावला होता, पण चार्जरच मेला होता. त्याचा हिरवा दिवा लागायचा तो लागला नव्हता आणि आमच्या कुणाच्या लक्षात आले नव्हते.

फर्दापूरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन चार्जर दाखवले, तिन्ही बारा व्होल्टचे. एकाचीही पिन माझ्या पंपात बसेना. दुपारी घाट चढून अजिंठ्याला गेलो. तिथे एक मिळाला, त्याची पिन डोळ्याला अगदी माझ्यासारखी. लांबी तीच, जाडी तीच. पण आत जाईना. दुकानदार म्हणाला, "कंपनीचाच लागतो भाऊ. मागवून देतो, आठ दिवस धरा." आठ दिवस मावा थांबणार होता की पाऊस?

संध्याकाळी मी तेच केले जे तुमच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी केले आहे. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणला, माझ्या मेलेल्या चार्जरची पिन वायरीसकट कापली आणि त्याच्या चार्जरला जोडली. शेजाऱ्याच्या वायरीत एक तार लाल, एक काळी. माझ्या पिनेच्या वायरीत दोन्ही काळ्या, एकीवर बारीक पांढरी रेघ. रेघवाली अधिक की उणे? मी अंदाज केला. अंदाज चुकला. पंपाच्या पोटात एक 'टक्' असा आवाज झाला आणि जळका वास आला. शेजाऱ्याचा चार्जर भरून द्यावा लागला तो वेगळाच. उरलेले तीन दिवस जुन्या हातपंपाने जेवढे झाले तेवढे मारले. अर्धे शेत राहिले आणि पाचव्या दिवशी पुन्हा झड लागली.

चूक माझी होती हे मला मान्य आहे. पण माझ्या चुकीला वाट कुणी करून दिली, हे विचारायला मी हा लेख लिहीत आहे.

आधी नावांचा घोळ बघा. भिंतीत भोके असतात त्याला आपण 'प्लग' म्हणतो आणि वायरीच्या टोकाला असते तिला 'पिन'. इंग्रजीत बरोबर उलटे आहे. वायरीच्या टोकाला असतो तो प्लग, म्हणजे बूच, आणि भिंतीत असते ते सॉकेट. आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलात तर तिसरेच नाव, 'टॉप'. थ्री पिन टॉप द्या म्हटले की तो पिन देतो. घरी एक नाव, दुकानात दुसरे, खोक्यावर तिसरे. घरधनीण पोराला सांगते प्लग आण, पोरगा दुकानातून टॉप घेऊन येतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. यात हसण्यासारखे काही असेल, पण ज्या वस्तूला नीट नाव नाही तिच्याबद्दल तक्रारही नीट करता येत नाही. मला अजिंठ्याच्या दुकानात नेमके काय मागावे हेच सांगता येत नव्हते. "ती गोल, पोकळ, मध्ये टाचणी असलेली" असे मी बोटाने दाखवत होतो.

त्या पिनेची हकिकत नंतर एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याकडून कळली. या पोकळ गोल पिनेचा बाहेरचा व्यास साडेपाच मिलिमीटर असतो. आतल्या भोकाचे मात्र दोन प्रकार सर्रास चालतात, एक 2.1 मिलिमीटरचा, दुसरा 2.5 मिलिमीटरचा. फरक ज्वारीच्या दाण्याच्या सालीएवढा. लहान भोकाची पिन जाड टाचणीवर जातच नाही, मोठ्या भोकाची पिन बारीक टाचणीवर जाते पण सैल राहते, मध्येच तुटते. त्यात पुन्हा आतले अधिक की बाहेरचे अधिक, हे ठरवणारा कारखानदार. त्यासाठी एक लहानशी खूण असते, मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल आणि दोन्हीकडे अधिक-उण्याची चिन्हे. ती माझ्या चार्जरवर होती. कोथिंबिरीच्या बी एवढी, काळ्यावर काळी. दिवसा भिंग लावून दिसते.

आता भिंतीतल्या पिनेकडे येऊ, कारण शहाणपण तिथे आहे. आपल्या घरातली तीन गोल पिनांची तऱ्हा इंग्रजांची. 1934 साली त्यांनी त्याचे माप ठरवले, 5 अँपिअरची लहान आणि 15 अँपिअरची मोठी. पुढे आपल्या भारतीय मानकात, आय.एस. 1293 मध्ये, पाचाचे सहा झाले आणि पंधराचे सोळा. दुकानात आजही आपण पाच-पंधराच म्हणतो. गंमत अशी की खुद्द इंग्रजांनी ही पिन सोडली. दुसरे महायुद्ध संपले, घरे बांधायची होती, तांबे महाग आणि टंचाईचे होते. कमी तांब्यात घराची वायरिंग व्हावी म्हणून त्यांनी वेगळी पद्धत काढली आणि तिच्यासाठी चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा टॉप केला. त्याचे मानक निघाले 1947 साली. म्हणजे इंग्रज इथून गेला त्याच वर्षी त्याने आपली पिनही बदलली आणि जुनी आपल्याकडे राहिली. इंग्लंडमध्ये ती गोल पिन आता नाटकाच्या थिएटरात रंगमंचावरच्या दिव्यांना वापरतात म्हणे. आपल्याकडे ती कडबाकुट्टीला आहे.

जुनी असली तरी त्या पिनेत अक्कल आहे. लहान टॉपच्या खालच्या दोन पिना पाच मिलिमीटर जाड, मोठ्या टॉपच्या सात. मोठा लहानात बसत नाही. आपल्याला त्याचा राग येतो. पण न बसणे हेच त्याचे काम आहे. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज कडबाकुट्टी चालू असताना दहा-बारा अँपिअर ओढते, आणि बटण दाबल्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. पाच अँपिअरच्या बोर्डाच्या मागे जी बारीक वायर आहे ती त्यात तापते, मऊ पडते, एक दिवस पेटते. गोठ्यात शेजारीच कडब्याची गंजी असते. म्हणून मोठी पिन लहान भोकात जाता कामा नये अशी ती घडवली. आणि आपण काय करतो? दुकानातून वीस-तीस रुपयांचा 'कन्व्हर्टर' आणतो, ज्याच्या एका तोंडाला मोठी भोके आणि दुसऱ्या तोंडाला लहान पिना. घडवणाऱ्याने जे कुलूप लावले त्याची किल्ली दुकानदार विकतो आणि आपण घेतो. टॉप नसला तर उघड्या तारा सरळ भोकात घालून आगपेटीची काडी खोचतो. आपल्या लोकांनी काढलेले विजेचे दोनच कनेक्टर मला माहीत आहेत, एक ही काडी आणि दुसरा तारेवरचा आकडा. दोन्हींनी माणसे मेली आहेत.

तिसरी पिन, जाड आणि लांब, अर्थिंगची. ती जाड आहे म्हणून जास्त वीज वाहून नेते असे शाळेत सांगतात. जाडीचे खरे कारण साधे आहे, ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. आणि ती लांब का? आत घालताना सगळ्यांत आधी लागावी, बाहेर काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. यंत्राला वीज मिळण्याआधी त्याच्या लोखंडी अंगाला जमीन मिळाली पाहिजे, हा त्यातला विचार. कुट्टीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती बाईच्या हातातून जाऊ नये, तारेतून जमिनीत जावी. आता घरी जाऊन बघा. किती घरांत त्या वरच्या भोकाच्या मागे तार जोडलेली आहे? वायरमन दोन तारा आणतो आणि तिसरे भोक शोभेला ठेवतो. भोक आहे, पण त्याच्या मागे जमीन नाही. ओली साडी नेसून, ओल्या पायाने कुट्टीजवळ उभी राहणारी आपलीच माय-बहीण असते.

मोबाईलचा चार्जर भिंतीत सैल का बसतो, हेही जाता जाता सांगतो. त्या दोन पिना युरोपच्या मापाच्या, चार मिलिमीटर जाड. भोके आहेत पाचाच्या मापाची. म्हणून तो डुलतो आणि ठिणगी पडते. कागदाची घडी खोचू नका.

या सगळ्यातून मला जे कळले ते असे. पिनेचे घडणावळीचे शास्त्र एका वाक्याचे आहे. जे चालते ते कुणाचेही असो, बसले पाहिजे. जे चालत नाही ते कितीही दाबले तरी बसता कामा नये. भिंतीतली पिन हे पाळते. म्हणून एका कारखान्याचा टॉप दुसऱ्या कारखान्याच्या सॉकेटात बसतो आणि कुणी कुणाला विचारत नाही. फवारणी पंपाची पिन याच्या बरोबर उलट वागते. बारा व्होल्टचा चांगला चार्जर बसत नाही, कारण पिन वेगळी. आणि जो बसता कामा नये तो बसतो.

तो कसा, ते ऐका. माझ्या मेहुण्याच्या पंपाला चार्जिंगसाठी गोल भोक नाही, तीन पट्ट्यांची खाच आहे. कॉम्प्युटरला मागून जी जाड काळी वायर लावतात, तिचे टोक त्या खाचेत फिट्ट बसते. कॉम्प्युटरच्या त्या टोकाला जगभर 'सी-तेरा' नाव आहे आणि यंत्राच्या अंगावरच्या खाचेला 'सी-चौदा'. विषम आकडा वायरीच्या टोकाला, सम आकडा यंत्राला, अशी ती नावे. ही जोडी ठरवली गेली घरातल्या 230 व्होल्टच्या विजेसाठी. तीच खाच कुणीतरी बारा व्होल्टच्या बॅटरीला लावली, कारण साचा तयार मिळाला आणि स्वस्त पडला. आता घरातल्या पोराने चार्जर सापडला नाही म्हणून शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरची वायर आणून पंपाला लावली तर? भिंतीतली वीज सरळ बॅटरीवर. पंपात औषधाचा ओलावा, अंगात लेड-ॲसिडची बॅटरी. मेहुण्याने त्या खाचेवर चिकटपट्टी लावून खिळ्याने 'धोका' असे कोरले आहे. तो त्याच्या परीने मानक संस्था झाला.

आणखी एक. आता लिथियमच्या बॅटरीचे पंप आले आहेत. वजनाला हलके, पाठ वाचते, चांगली गोष्ट आहे. पण लेड-ॲसिडचा चार्जर चौदा-साडेचौदा व्होल्टपर्यंत चढतो आणि तीन पेशींच्या लिथियम बॅटरीला साडेबाराच्या वर गेलेले सोसत नाही. ती फुगते, पेट घेऊ शकते. दोघांच्याही खोक्यावर 'बारा व्होल्ट' एवढेच लिहिलेले. दोघांच्या पिना सारख्या असल्या तर एका घरात दोन पंप म्हणजे घरात ठेवलेली ठिणगी. इथे पिना वेगळ्या हव्या होत्या, नेमक्या इथे त्या सारख्या निघतात.

ज्यांच्याकडे विहीर आहे आणि सौर पंप बसला आहे, त्यांनाही सांगायचे आहे. 2019 साली केंद्राची कुसुम योजना आली, 2024 साली राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. दहा टक्के भरा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी अनुदान. पाट्या एकमेकींना जोडणाऱ्या काळ्या वायरीच्या टोकाला जो कनेक्टर असतो त्याला फिटर लोक 'एमसी फोर' म्हणतात. एमसी हे मल्टी-कॉन्टॅक्ट या स्वित्झर्लंडच्या कंपनीचे नाव आणि फोर म्हणजे आतली धातूची काडी चार मिलिमीटरची. एका कंपनीच्या मालाचे नाव साऱ्या जातीला पडले, जसे कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत होतो. आता बाजारात 'एमसी फोरला चालणारे' म्हणून डझनावारी नकला आहेत. एकाचे नर टोक दुसऱ्याच्या मादीत 'कट्' करून बसते, ओढले तरी निघत नाही. बसते म्हणजे जुळते असे मात्र नाही. आतल्या धातूची जुळणी केसभर कमी-जास्त असली तरी तिथे तापते, प्लास्टिक वितळते. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची टोके एकमेकांत घालू नयेत असे कनेक्टर करणारे स्वतःच सांगतात. नर-मादीचाही घोटाळा आहेच. बाहेरचे प्लास्टिक बघून ज्याला तुम्ही नर म्हणाल त्याच्या पोटातला धातू मादी असतो. नाव धातूवरून द्यायचे. फिटर नवा असला तर तो हमखास उलटे सांगतो.

आणि ऊन असताना, पंप चालू असताना ते टोक कधीही ओढू नका. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून पिन काढताना पडलेली ठिणगी विझून जाते. सौर पाट्यांची वीज एकाच दिशेने वाहते, शून्यावर येतच नाही. ओळीने जोडलेल्या पाट्यांचा दाब शेकडो व्होल्टचा असतो. टोक सुटले की हवेतूनच जाळ लागतो आणि तो हात भाजेपर्यंत थांबत नाही. कंट्रोलरच्या डब्याजवळचे बटण बंद करून मगच हात घालायचा. हे बटण दाखवल्याशिवाय फिटरला शेताबाहेर जाऊ देऊ नका.

आता आपल्यातलाच कुणी उठून विचारेल, आणि विचारलेच पाहिजे: आपण आयुष्यभर म्हणत आलो की सरकारने बाजारातून हात काढावा. मग पिनेचा नियम सरकारकडे कसा मागता? परवाने, निर्बंध, इन्स्पेक्टर, हे सगळे पुन्हा हवे का?

मी यावर बरेच दिवस विचार केला. कापूस एकाधिकार खरेदी आठवा. 1972 साली ती सुरू झाली आणि आपला कापूस आपल्याच राज्यात, एकाच ग्राहकाला घालायचा हे नशिबी आले. शेजारच्या राज्यात दोन पैसे जास्त मिळत असले तरी सीमेवर गाडी अडवली जायची. त्या नाक्यावर पोलीस होता. चार्जरच्या पिनेत पोलीस नाही एवढाच फरक. पंप घेताना बाजार मोकळा असतो, दहा दुकाने फिरता येतात. पंप घरी आला की पिनेचा नाका बसतो: चार्जर आमचाच, भाव आमचाच, यायला आठ दिवस लागतील. ही झोनबंदीच आहे, फक्त साडेपाच मिलिमीटरची.

मापाचा नियम आणि बाजारावरचा निर्बंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावागावाचा शेर वेगळा होता, पायली वेगळी होती, तेव्हा लुटला कोण गेला? 1956 च्या वजनमापाच्या कायद्याने किलो आला, त्याने व्यापार बंद पडला नाही, उलट तालुक्याबाहेरचा भाव आपल्याला समजू लागला. आजही आपण कापूस क्विंटलने विकतो आणि रुईचा भाव बोलला जातो खंडीत, म्हणजे 356 किलोत. हा हिशेब ज्याला तोंडपाठ नाही त्याला वायदे बाजारातला आकडा कितीही ऐकवा, उपयोग नाही. नाव आणि माप एक असणे ही मोकळ्या बाजाराची पहिली पायरी आहे. चार्जर कुणीही करावा, कितीलाही विकावा, त्यात कुणी पडू नये. फक्त भोकाचे माप एक असावे.

आणि हे होत नाही असे कुणी सांगू नये. मोबाईलच्या पिना आठवा, एका नोकियाच्याच दोन होत्या, जाड आणि बारीक, पाहुण्याकडे गेले की "बारीक पिन आहे का?" हा पहिला प्रश्न. युरोपच्या संघाने 2022 साली कायदा केला आणि 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलला एकच 'टाइप सी' पिन सक्तीची झाली. सगळ्यांत हट्टी कंपनीनेही 2023 सालीच आपली पिन बदलली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप सी चे मानक काढले, दिल्लीत समिती बसली, मोबाईल, लॅपटॉप, घड्याळे, कानात घालायची यंत्रे यांच्यावर चर्चा झाली. त्या चर्चेत फवारणी पंपाचे नाव मी कुठे वाचले नाही. ज्याच्या कानातले यंत्र बंद पडले त्याचे एक गाणे बुडते.

उशीर केला तर काय होते तेही जगाने दाखवले आहे. साऱ्या जगाला एक पिन असावी म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळाने 1986 साली एक नमुना काढला. चांगला नमुना होता. तोवर प्रत्येक देशाच्या भिंतीत आपापली भोके पडून गेली होती. ब्राझीलने तो थोडा बदलून घेतला, दक्षिण आफ्रिकेने घेतला, बाकीच्यांनी हात जोडले. कोट्यवधी भिंती कोण फोडणार? फर्दापूरच्या लॉजमधला तो पत्र्याचा डबा त्यामुळेच आहे. बॅटरीचे पंप आपल्याकडे आता कुठे घरोघरी झाले. त्यांच्या पिना अजून भिंतीत गाडल्या गेलेल्या नाहीत, पंप चार-पाच वर्षांत बदलतो. जे ठरवायचे ते आत्ता ठरू शकते.

माझे मागणे फार नाही. पंपाच्या चार्जिंगचे भोक एका मापाचे असावे, लेड-ॲसिडला एक आणि लिथियमला दुसरे, एकातले दुसऱ्यात न जाणारे. घरच्या विजेची वायर ज्यात शिरेल अशी खाच बारा व्होल्टच्या कुठल्याही अवजाराला नसावी. चार्जरच्या अंगावर व्होल्ट, बॅटरीची जात आणि आत अधिक की बाहेर अधिक, एवढे मराठीत, शेतात उन्हात वाचता येईल अशा अक्षरात. सौर पंपाच्या कागदावर कनेक्टर कोणत्या कंपनीचा ते लिहिलेले असावे आणि त्याच कंपनीची एक जोडी पंपाबरोबर सुटी मिळावी. अनुदानाचे पंप सरकारच खरेदीच्या अटी घालून घेते. त्या अटींत या दोन ओळी घालायला नवा कायदा लागत नाही.

तोवर दुकानात आपणच जरा आडमुठे होऊ. पंप घेताना आधी चार्जर मागा, पिन बघा, गावात आधीच असलेल्या पंपांशी ती जुळते का ते विचारा. एका आळीतल्या पाच जणांनी एका पिनेचे पंप घेतले तर एक चार्जर मेला तरी चार जिवंत असतात.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या फवारणी पंपाचा चार्जर पिशवीत घालून आणावा, ही विनंती. मोठी सतरंजी अंथरू, सगळे ओळीने मांडू, कोणता कोणात बसतो आणि कोणता बसत नाही ते वहीत उतरवून काढू. किती जातींच्या पिना निघतात ते एकदा मोजून होऊ द्या. मग तीच वही घेऊन कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊ. माझा मेलेला चार्जर मी घेऊन येतो आहे. त्याची वायर कापलेली आहे, पण पिन शाबूत आहे.